उचंत खात्यातली काच

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या सोसायटीत लवंगी फटाका फुटावा तसा आवाज झाला. मी गॅलरीत चहा घेत बसलो होतो. खाली वाकून पाहिलं, तर चिरंजीवांच्या गाडीपाशी गाड्या धुणारा मुलगा उभा होता. एका हातात ओलं फडकं, दुसरा हात तसाच दाराकडे राहिलेला. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला काच नव्हती. सीटवर, फरशीवर, त्याच्या स्लिपरांभोवती खडीसाखरेसारखे दाणे पसरले होते.

"काका, मी नुसतं दार लावलं," माझ्याकडे वर बघत तो म्हणाला.

ही गाडी म्हणजे सात माणसं बसतील अशी उंच, दांडगी एसयूव्ही. घरात माणसं चार; मग सात जागा कशाला, हा प्रश्न मी एकदाच विचारला होता. उत्तर मिळालं नाही, पण गाडी आली. ती धुणारा मुलगा लातूरकडचा, एकोणीस वर्षांचा. पहाटे पाचपासून तो आमच्या सोसायटीतल्या अकरा गाड्या धुतो आणि दहा वाजता एका दुकानात कामाला जातो. रविवारी गाड्या आतून पुसायच्या म्हणून लोक त्याच्या हाती किल्ल्या देत. एका गाडीचे महिन्याला पाचशे रुपये.

चिरंजीव खाली उतरले. पाठोपाठ मीही उतरलो. दाराकडे एकवार पाहून चिरंजीव म्हणाले, "आपटलं असणार. यांना हळू लावताच येत नाही." 'याला' नव्हे, 'यांना'. तोवर सोसायटीचे अध्यक्ष दुधाची पिशवी घेऊन आले, वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले, आणि खटला दहा मिनिटांत निकाली निघाला. आरोपी तिथेच उभा, मुद्देमाल जमिनीवर सांडलेला, आणि दुसरं कोणी आसपास नव्हतं. आणखी काय पुरावा हवा?

संध्याकाळपर्यंत किमतीची चौकशी झाली. कंपनीच्या वर्कशॉपने जवळजवळ दुप्पट पैसे आणि आठ दिवस सांगितले. नाना पेठेतला एक काचवाला मजुरीसकट तीन हजार चारशेत बसवून द्यायला तयार होता. माझी छत्तीस वर्षं बँकेत गेली, त्यामुळे हिशोब माझ्याकडे आला. विम्यात काचेच्या भागांवर घसारा धरत नाहीत, तेव्हा वरवर पाहता दावा करणं फायद्याचं वाटतं. पण पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीला दर दाव्यामागे दोन हजार रुपये आपण सोसायचे असतात. म्हणजे हाती येणार चौदाशे. उलट, चार वर्षांत एकही दावा केला नाही म्हणून चिरंजीवांना विम्याच्या हप्त्यात पंचेचाळीस टक्के सवलत मिळत होती. ही सवलत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, तिसऱ्या पक्षाच्या हप्त्यावर नसते. आमचा तो हप्ता चौदा हजारांचा, त्यावर सवलत सहा हजार तीनशे. पॉलिसीत वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल, तर एका दाव्याने ही सवलत शून्यावर येते. चौदाशे मिळवायला सहा हजार तीनशे घालवायचे! मी कागदावर आकडे मांडून दाखवले आणि विमा बाद केला.

मग पैसे कोणी द्यायचे? चिरंजीव म्हणाले, फिटेपर्यंत त्याने आपली गाडी फुकट धुवावी. तीन हजार चारशे भागिले पाचशे, सात महिने. हा भागाकारही मीच केला. मुलाला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "चालेल, काका." तो वाद घालता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना ऑफिस, म्हणून काचेच्या जागी प्लॅस्टिकचा कागद चिकटवून मीच गाडी घेऊन नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा कुठलाही भाग मिळत नसेल तर शेवटी माणूस नाना पेठेत जातो. काचवाला माझ्याच वयाचा. आसपासचे सगळे त्याला उस्ताद म्हणत होते. त्याने मला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि दाराला हात घातला.

आतल्या पॅनेलचे स्क्रू कुठे लपलेले असतात ते त्याला पाठ होतं. एक हँडलच्या वाटीत, एक हात टेकायच्या जागेखाली. ते काढल्यावर एक चपटी पट्टी कडेने सारत त्याने क्लिपा सोडवल्या, स्विचची वायर काढली आणि पॅनेल अलगद बाजूला ठेवलं. आत मेणकापडासारखा एक पडदा होता. काच आणि दार यांच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते गाडीत येऊ नये म्हणून हा पडदा, आणि ते खालून निघून जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं. गाडीचं दार पोकळ असतं आणि त्यात पाणी शिरणार हे गृहीत धरलेलं असतं, हे मला या वयात कळलं. दाराच्या तळाशी काचेच्या दाण्यांचा ढीग साठला होता. "हे काढले नाहीत तर भोकं बुजतात, पाणी साठतं, दार गंजतं," असं म्हणत उस्तादने व्हॅक्युमची नळी आत घातली.

मध्येच तो थांबला. टॉर्च लावून त्याने मला जवळ बोलावलं. काच वर-खाली करणाऱ्या यंत्राला ती दोन ठिकाणी बोल्टने धरलेली असते. काचेला लोखंड लागू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचे बुश असतात. एका बाजूचा बुश धड होता. दुसऱ्या बाजूचा अर्धा झिजून गेला होता आणि बोल्टचा तेवढा भाग घासून चकचकीत झाला होता.

"साहेब, काच खाली घेताना कर्र असा आवाज यायचा का?"

यायचा. दिवाळीपासून यायचा. मी चिरंजीवांना एकदा म्हटलंही होतं की दाखवून घे. मग तेही विसरले आणि मीही.

"म्हणजे काच त्यामुळेच फुटली?" मी विचारलं.

"ते कसं सांगू? काच आता दाणे झाली. दार जोरात लावलंही असेल कोणी. पण लोक दिवसातून दहा वेळा दारं आपटतात, म्हणून काही धडधाकट काचा फुटत नाहीत. या काचेला मधे मारा, झेलते. कडेला लोखंड घासत राहिलं, की मग कधी जाईल ते तिची तीच जाणे."

दाराची काच टफन्ड असते. सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून निवतो आणि आकसताना बाहेरच्याला आत ओढत राहतो. वरून दाब आणि आतून ताण, अशी दोन्ही बळं तोलून धरलेली असतात. त्यामुळेच ती साध्या काचेहून कितीतरी बळकट. पण तो तोल एका जागी मोडला, की सगळी काच एका क्षणात दाणे होऊन सांडते. लांब, धारदार तुकडे होऊन माणसाला इजा होऊ नये म्हणून ही योजना. समोरची काच वेगळी; तिच्यात दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून ती तडकते पण जागेवर राहते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला तर त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी चालतो, पण शेपटी मोडली की त्याचा भुगा होतो. 'प्रिन्स रुपर्टचे थेंब' म्हणून हा चमत्कार लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांनी १६६१ साली अभ्यासला होता. उस्तादला या विद्वानांची गरज नव्हती. त्याला कड ठाऊक होती.

मला आठवली ती आमची आजी. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. माझ्या लहानपणी घरात वीज नव्हती. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातला प्रभाकर कंदील होता. त्याची काच तडकली की आम्ही पोरं एकमेकांकडे बोट दाखवायचो. आजी आधी वात बघायची. एका बाजूला चढली होती का? तापल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला का? 'कोणी फोडली' हा तिचा शेवटचा प्रश्न असे, आणि पुष्कळदा तो विचारायची वेळच येत नसे.

उस्तादने नवी काच आणली. तिच्या कोपऱ्यातला शिक्का मला वाचायला लावला : आयएस २५५३. सुरक्षा काचेचं हे भारतीय मानक. नोट उजेडाला धरून पाहायची सवय असलेल्या माणसाला असा शिक्का पाहून बरं वाटतं. ही काच एकदा टफन्ड झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही; आकार आणि भोकं सगळं आधीच करून यावं लागतं. त्याने ती तिरकी धरून वरच्या फटीतून दारात सोडली, बाजूच्या रबरात सरकवली, दोन्ही बुश नवे घातले. बोल्ट आवळताना म्हणाला, "सैल राहिला तर डोलेल, फार पिळला तर फुटेल." दोनचार वेळा खाली-वर करून पाहिली. आवाज नव्हता.

त्या दीड तासात स्टुलावर बसल्या बसल्या मला १९८६ सालची एक संध्याकाळ आठवत होती. तालुक्याच्या गावातली शाखा, मी नवा अधिकारी. दिवसअखेर रोकड हजार रुपयांनी कमी आली. त्या काळी हजार रुपये म्हणजे शिपायाचा जवळजवळ महिन्याचा पगार. तिजोरीतून काउंटरपर्यंत गठ्ठे नेणारा शिपाई एकच. मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो, "साहेब, त्याच्याकडेच बघायला हवं." साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "खात्री आहे? नाही ना? मग कुणाच्या नावे टाकायचं नाही. उचंतला टाका."

उचंत खातं म्हणजे बँकेच्या भाषेत सस्पेन्स अकाउंट. ज्या रकमेचा उलगडा झालेला नाही, ती तिथे ठेवायची आणि शोध चालू ठेवायचा. तिसऱ्या दिवशी एक ऊसवाला शेतकरी आला आणि आपल्याला शंभराच्या दहा नोटा जास्त आल्याचं सांगून त्या टेबलावर ठेवून गेला. उचंतची नोंद उलटवली. मी काय बोललो होतो ते त्या शिपायाला कधीच कळलं नाही. तो निवृत्त होईपर्यंत मला नमस्कार करत होता आणि दर वेळी मला ओशाळल्यासारखं होई.

पुढे नोकरीभर मी अनेकांना उचंत खात्याचे नियम शिकवले. तिथे रक्कम फार दिवस पडू द्यायची नाही, पण घाईघाईने भलत्याच्या नावेही टाकायची नाही. आणि त्या रविवारी सकाळी माझ्याच अंगणात, चहाचा कप पुरता संपायच्या आत, मी तीन हजार चारशे रुपये एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या नावे टाकून मोकळा झालो होतो. बँकेत हजार रुपयांसाठी जो धीर धरला, तो इथे सुचलाच नाही. का? तर बँकेत विचारणारा वरिष्ठ होता. इथे वरिष्ठ मीच होतो.

संध्याकाळी चिरंजीवांसमोर झिजलेला बुश ठेवला. ते म्हणाले, "बाबा, यावरून त्याने आपटलं नाही असं कुठे सिद्ध होतं?" खरं आहे, नाही होत. मी म्हणालो, "आपटलं असंही होत नाही. आवाज सहा महिने येत होता, आणि तो ऐकणारे आपण दोघं होतो." ते काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "त्याला नाही म्हणून सांगा."

मंगळवारी पहाटे मी खाली गेलो. मुलगा बादली भरत होता. त्याला बुश दाखवला, पैसे कापणार नाही म्हणून सांगितलं, चूक आमची होती असंही म्हणालो. त्याने बुश हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. मग म्हणाला, "काका, बारा नंबर आणि सात नंबरच्या साहेबांनी काल काम बंद केलं. त्यांना जरा सांगाल का?"

मी सांगितलं. बारा नंबरवाले म्हणाले, बघू. सात नंबरवाल्यांनी तोवर दुसरा माणूस ठरवला होता. अध्यक्षांना बुश दाखवला तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुम्ही फारच मनाला लावून घेता." काच तर दीड तासात बसली होती.

अकराच्या नऊ गाड्या झाल्या, त्या अजून नऊच आहेत. आमची तो आजही धुतो, अगदी चकचकीत. पण बाहेरूनच. रविवारी मी किल्ली पुढे केली की तो हात फडक्याला पुसत म्हणतो, "आतून तुम्हीच पुसा, काका." मग मी पुसतो, आणि दार लावताना दोन्ही हात लावतो.