बडनेऱ्याला का उतरायचं?

हावडा-मुंबई लाइनवरची गाडी पकडून अमरावतीला निघालेला माणूस बडनेऱ्याला उतरतो. गाडी नागपूरकडे निघून जाते आणि हा बॅग सावरत ऑटोवाल्याशी भावाची घासाघीस करत बसतो. विभागाचं ठिकाण असलेलं एवढं शहर, आणि मुख्य लोहमार्ग त्याच्यापासून दहा-एक किलोमीटर दुरून निघून गेलेला! अंबा एक्स्प्रेससारख्या थेट अमरावतीत शिरणाऱ्या गाड्या आहेत, पण त्याही बडनेऱ्याहून फुटणाऱ्या फाट्यानेच. हे असं का, हे अमरावतीत कुणी विचारत नाही. विचारून पाहा. उत्तराचा माग काढता काढता आपण लिव्हरपूलच्या बाजारात जाऊन उभे राहतो.

आधी अमरावतीचा परकोट बघू. वीस-पंचवीस फूट उंच दगडी भिंत, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. निजामाच्या सरकारने ती १८०७ साली बांधायला घेतली. आत ना राजवाडा, ना तोफखाना. मग एवढी भिंत कशासाठी? आत होते व्यापारी, आणि बाहेर होते पेंढारी. लुटायला यावं इतकी माया त्या पेठेत होती, आणि ती आली होती कापसातून. आजही जवाहर गेटमधून स्कूटर काढताना आपण त्या भीतीखालून जातो.

तेव्हा ना रेल्वे होती, ना धड रस्ता. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून सातपुडा ओलांडून गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा आणि तिथून नावेने कलकत्त्याला. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलओझी कापूस कलकत्त्याला रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. एक लाख! एवढे बैल एका दिवशी निघाले नसणार, पण क्षणभर एकामागे एक उभे करून बघा. अमरावतीतून सुरू झालेली रांग जळगावच्या आसपास संपेल.

मग उजाडलं १८५३. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. पाचच आठवड्यांनी, २१ मेला, तिकडे हैदराबादेत एक तह झाला. कंपनी सरकारने निजामाच्या नावाने एक फौज पोसली होती, तिचा खर्च निजामावर कर्ज म्हणून चढत गेला होता, आणि त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. सावकाराकडे शेत गहाण पडावं तसा हा मामला: सातबारा निजामाचा, वहिवाट इंग्रजांची. गहाण सुटलं मात्र कधीच नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टाच करून घेतला, आणि पुढच्या वर्षी वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या मध्य प्रांताला जोडला. मालकी तरीही कागदोपत्री निजामाचीच. १९३६ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबही मिळाला.

आता या जुन्या कागदाचा आजचा पुरावा बघायचा असेल तर १७ सप्टेंबरला वाशीमहून हिंगोलीला जा. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. माती तीच, पऱ्हाटी तीच, सोयाबीन तेच, सोयरिकीही इकडच्या तिकडे. पण हिंगोलीत त्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं आणि जुन्या अकोला जिल्ह्यातल्या वाशीमात मात्र नेहमीचा कामाचा दिवस! एकाच निजामाचे दोन शेजारी मुलूख. एक १८५३ मध्ये हातातून गेला, दुसरा १९४८ पर्यंत राहिला. ‘आम्ही विदर्भातले’ आणि ‘आम्ही मराठवाड्यातले’ या दोन ओळखींमधली रेघ डोंगराने आखलेली नाही. ती एका न फिटलेल्या कर्जाने आखली आहे.

पण इंग्रजांना इतका मुलूख सोडून वऱ्हाडच का हवं होतं? लँकेशायरच्या गिरण्या बघा. त्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टातून येत होता. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्यांची धुराडी थंड पडू लागली. कापूस आणा, कुठूनही आणा! लिव्हरपूलच्या भावफलकावर ‘उम्रा’ नावाचा माल चढला. ही उम्रा म्हणजे आपली उमरावती, अमरावती. भाव आभाळाला टेकले. चार वर्षं मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतली लढाई थांबली आणि त्याच वर्षी मुंबईचा बाजार धाडकन कोसळला.

खरी गंमत इथे आहे. या सगळ्या धामधुमीत वऱ्हाडात रेल्वे पूर्ण झालीच नव्हती! ती भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली १८६७ मध्ये, युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर. ज्या तेजीच्या जोरावर घाई चालली होती ती ओसरली, आणि मग रूळ आले. आता आले आहेत तर त्यांच्यावरून वाहायला माल हवा. म्हणून सरकारने चक्क एक कापूस आयुक्त नेमला. रिव्हेट-कारनॅक हे त्याचं नाव. त्याचा हिशेब थक्क करणारा होता, आणि माझ्या मते तितकाच थंड रक्ताचा: विलायती कापड स्वस्तात आणलं की गावचा विणकर बसेल, तो बसला की शेताकडे वळेल, शेताकडे वळला की कापूस वाढेल. एकाच गाडीने येताना कापड आणि जाताना रुई. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला आला. कापसाच्या एका पेठेसाठी व्हाइसरॉय!

मुंबई ते नागपूर हा या मार्गाचा मुख्य हिशेब होता. वाटेतल्या पेठांना मग फाटे फुटले: खामगावला जलंबहून, अमरावतीला बडनेऱ्याहून. ऑटोवाल्याला दिलेलं भाडं नेमकं कशाचं, ते आता कळलं?

आणि रुळाच्या कडेला जिनिंग-प्रेसिंग का उगवल्या, तेही बघा. कापसात रुई जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी सरकी. सरकी काढली तरी रुई इतकी फुगीर की वॅगन भरते आणि वजन काही भरत नाही. म्हणून ती दाबायची, करकचून गाठ बांधायची आणि मगच गाडीत चढवायची. जिथे स्टेशन तिथे प्रेस, जिथे प्रेस तिथे आडत्या, आडत्याच्या मागून वकील, डॉक्टर, शाळा. अकोला असं फुगत गेलं.

उलट अचलपूर बघा. इमादशाहीची राजधानी, एकेकाळी सगळ्या वऱ्हाडचं तोंड. मुख्य रूळ मात्र तिकडे फिरकले नाहीत. १९०५ मध्ये त्याचा जिल्हासुद्धा मोडून अमरावतीत विलीन झाला. पुढे मूर्तिजापूरहून नॅरोगेजची शकुंतला आली, तीही एका खासगी कंपनीच्या मालकीची. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या रेल्वे सरकारी झाल्या, ही लाइन तेवढी कंपनीच्याच नावावर राहिली आणि सरकारी रेल्वे तिच्यावरून गाड्या चालवत राहिली. अचलपूर जिल्ह्याची मागणी आज कानावर आली की ती नवी वाटते. ती मागणी परत मिळवण्याची आहे.

या तेजीची किंमतही इथेच मोजली गेली. ज्वारीच्या रानात कापूस शिरत गेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड झोडपलं. १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. पावसाच्या भरवशावर उभं असलेलं, विकायचं आणि खाता न येणारं पीक, आणि त्याचा भाव ठरणार समुद्रापार. ओळखीचं वाटतं ना?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. परदेशी गाठी शुल्काविना बंदरात उतरू लागल्या. वऱ्हाडात सीतादहीची पूजा करून पहिला वेचा घरात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि डिसेंबर संपेस्तोवर कापूस बाजारात गाड्यांची रीघ असते. या तारखा एकमेकींशेजारी मांडून बघा.