धुऱ्यावरचं गवत

पावसाळ्यात गावी गेलो की माझ्या पिशवीत काचेच्या दोन बाटल्या असतात. घरचे हसतात, हसू द्या. एक बाटली धुरा नांगरून संपवलेल्या वावराखाली भरायची, दुसरी गवताळ धुऱ्याखाली. धुरा म्हणजे इतर महाराष्ट्र ज्याला बांध म्हणतो तो. रात्रभर दोन्ही खिडकीत. सकाळी पहिलीच्या बुडाशी बोटभर काळा गाळ, आणि वरचं पाणी तरीही दुधाच्या चहासारखं. काळ्या मातीचा बारीक कण लवकर बसतच नाही. दुसरीतून समोरचा निंब दिसतो.

यवतमाळ शहराला पाणी देणारं निळोणा धरण वाघाडी नदीवर. वाघाडी असो, अरुणावती, अडाण की बेंबळा, त्यांना मिळणारे कितीतरी नाले पराटी (कापूस), तूर, सोयाबीनच्या वावरांतून हाच गाळ घेऊन येतात. कारखान्याचा पाइप सापडतो, त्याला नोटीस देता येते. इथे पाइपच नाही. अमेरिकेने 1972 मध्ये पाण्याचा कडक कायदा केला, पण शेतातून वाहून येणाऱ्या घाणीसाठी 1987 मध्ये त्यात भर घालावी लागली. आपल्याकडे पुसदच्या सुधाकरराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचं वेगळं खातं उभं केलं. मोठंच काम. पण पाणी किती अडलं हे आपण मोजत राहिलो. त्यातून काय आलं, हे फारसं कोणी विचारलं नाही.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस गटागट पिते. मग फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचं पाणी वरूनच पळतं. पळताना माती नेतं, मातीच्या कणांना चिकटलेला स्फुरद नेतं. युरियाची गोष्ट वेगळी. 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र. त्याचं नायट्रेट झालं की ते पाण्यात विरघळतं, नाल्यात जातं नि विहिरीतही उतरतं. त्याला गवत फारसं अडवत नाही. तिथे उपाय एकच, थोडा थोडा हप्त्याने द्यायचा, नि आभाळ गच्च भरलेलं असताना गोणी फोडायची नाही.

मातीला मात्र धुराच रोखतो. पवना, मारवेल असं दाट गवत असलं की पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ तिथेच बसतो. वाळा तर माझा लाडका: मुळं तीन-तीन मीटर खोल, आणि वर दाट कुंपण. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तो शेताच्या कडेला लावत आले. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी 1980 च्या दशकात त्याचा गाजावाजा केला. आमच्याकडे मात्र धुऱ्यावर तणनाशक मारलं की वावर ‘साफ’ दिसतं म्हणतात.

2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक जीव गेले. त्यानंतर हातमोजे, मास्कची चर्चा झाली. फवारणीचा पंप कुठे धुतला जातो याची नाही. नाल्याकाठी सपाट दगड असतो, तिथेच टाकी विसळतात. चार पावलं वर, गुरं पाणी पितात त्यापासून दूर, वावरातच विसळली तर किती फरक पडेल!

आमच्या शिवारात दोन भाऊ एकमेकांचे धुरेकरी. दरवर्षी दोन्हीकडून वीतवीत नांगर आत, शेवटी प्रकरण कोर्टात. ‘जैसे थे’चा हुकूम झाला नि दोघांनीही धुऱ्याला हात लावायचं सोडलं. आता तिथे कमरेएवढं गवत आहे. माझी सगळ्यात स्वच्छ बाटली त्याच धुऱ्याखाली भरते. पुढची तारीख पडू नये, असं मी दोघांनाही सांगितलेलं नाही.