तीन रंगांचे घड्याळ

घड्याळाच्या तबकडीवर दर पाच मिनिटांना लाल, पिवळा व निळा असे पट्टे कोणी का बरे रंगवील?

१९४० साली जर्मन बॉम्बफेकी विमाने ब्रिटनवर चालून येत. आकाशात अखंड गस्त घालण्याइतकी विमाने ब्रिटनजवळ नव्हती. केव्हा व कोठे उड्डाण करायचे, हे काही मिनिटांतच ठरवावे लागे.

किनाऱ्यावरील रडार केंद्रांना शत्रूची विमाने समुद्रावर असतानाच कळत. पण एकच ताफा दोन केंद्रांनी कळवला, तर ते दोन ताफे वाटायचे! म्हणून रडारच्या वार्ता टेलिफोनने लंडनजवळील बेंटली प्रायरी येथे जात. तेथे त्या ताडून, गाळून नियंत्रण-कक्षांना कळवल्या जात. जमिनीवरील निरीक्षकांच्या वार्ताही या कक्षांत पोहोचत.

कक्षातील मोठ्या नकाशावर महिला कर्मचारी लांब काठ्यांनी सोंगट्या सरकवीत. वार्ता आली तेव्हा मिनिटकाटा ज्या रंगावर असे, त्याच रंगाची सोंगटी मांडली जाई. त्यामुळे वार्ता ताजी की शिळी, हे अधिकाऱ्याला एका नजरेत कळे.

आज हे काम संगणक करतात. पण प्रश्न तेच आहेत. ही माहिती केव्हाची? एकच गोष्ट दोनदा तर मोजली नाही ना?