नैराश्यावरील संवादोपचार : एक तुलनात्मक विचार

जव्हार तालुक्यातील वावर आणि वांगणी ही दोन गावे १९९२ साली साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाली. कुपोषण आणि त्याच्या मागून आलेले आजार यांमुळे त्या परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली. त्यानंतर १९९५ मध्ये राज्य शासनाने नवसंजीवन योजना सुरू केली. १ ऑगस्ट २०१४ रोजी जव्हार व मोखाडा हे तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. धान्य, रोजगार, रस्ते, आरोग्य केंद्रे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते आवश्यकच होते. परंतु ज्या मातेच्या मांडीवर मूल गेले, तिच्या मनाचे काय, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. नैराश्य या आजारावर बोलण्या-ऐकण्याच्या मार्गाने जे उपचार केले जातात, त्यांच्या प्रमुख पद्धतींची तुलना प्रस्तुत लेखात करावयाची आहे. ती करताना वावरसारख्या गावातील स्त्रीला यांतील काय उपयोगी पडेल, ही कसोटी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शोक हा आजार नव्हे. मूल गेल्यावर आईने रडावे, हे स्वाभाविकच आहे. मात्र मन कशातच लागत नाही, झोप व भूक हरपते, अंग जड होते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते, जगण्याचीच इच्छा उरत नाही, आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकून रोजचे जीवन ठप्प करते, तेव्हा त्या अवस्थेला नैराश्याचा आजार म्हणतात. खेड्यापाड्यांत रुग्ण बहुधा मनाची तक्रार सांगत नाही. डोके दुखते, अंग मोडून येते, असेच सांगतो. मग तो भगताकडे जातो किंवा वेदनाशामक गोळ्या घेऊन परततो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना कोणताच उपचार मिळत नव्हता.

चार प्रमुख पद्धती

पहिली पद्धत विचारांना हात घालते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून आणि आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात ती निरनिराळ्या वाटांनी विकसित केली. घटना आपल्याला जितकी खचविते, त्याहून अधिक त्या घटनेविषयीची आपली धारणा खचविते, हे तिचे सूत्र आहे. ‘मूल गेले, म्हणजे मीच पापी’ या विचारामागे पुरावा काय, हे उपचारक रुग्णाबरोबर तपासून पाहतो. मराठीत एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार प्रा. कि. मो. फडके यांनी रुजविला.

दुसरी पद्धत कृतीपासून आरंभ करते. नैराश्यात माणूस कामे व माणसे टाळतो; टाळल्यामुळे समाधानाचे प्रसंग कमी होतात; त्यामुळे नैराश्य वाढते. हे चक्र तोडण्यासाठी उपचारक रुग्णाशी बोलून लहान लहान कृती ठरवितो. पाणवठ्यावर इतर बायकांबरोबर जाणे, बहिणीला भेटणे, परसात वेल लावणे, अशा त्या कृती असतात. उत्साह येईल तेव्हा काम करू, असे न म्हणता काम केल्याने उत्साह येतो, हे तिचे गमक होय.

तिसरी पद्धत नातेसंबंधांकडे पाहते. जेराल्ड क्लेरमन व मर्ना वाइसमन यांनी १९७० नंतरच्या दशकात तिची मांडणी केली. जवळच्या माणसाचा मृत्यू, घरातील कलह, जीवनातील मोठे स्थित्यंतर आणि एकाकीपणा या चार क्षेत्रांपैकी नैराश्य कोठून उद्भवले, हे शोधून त्यावर काम केले जाते. युगांडाच्या खेड्यांत ही पद्धत गटागटांनी वापरली गेली आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा चांगला गुण दिसून आला.

चौथी पद्धत आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. सिगल, विल्यम्स व टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी बौद्ध परंपरेतील सतीच्या, म्हणजे सजगतेच्या, अभ्यासाची बेक यांच्या उपचाराशी सांगड घातली. मनात उठणारा विचार हे सत्य नसून केवळ एक विचार आहे, हे पाहण्याचा सराव ती आठ आठवडे देते. मात्र ती प्रामुख्याने आजारातून बाहेर आलेल्यांना तो पुन्हा होऊ नये म्हणून घडविली गेली. इंग्लंडमधील ४२४ रुग्णांच्या चाचणीत (२०१५) दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण या पद्धतीच्या गटात ४४ टक्के, तर औषधे चालू ठेवलेल्या गटात ४७ टक्के आढळले. हा फरक नगण्य मानावा लागतो. म्हणून तीव्र नैराश्यातील उपासकाला ‘शिबिराला जा, बरा होशील’ असे सांगणे योग्य नाही. गंभीर मनोविकारावरचा उपाय म्हणून दहा दिवसांच्या शिबिराला येऊ नये, असे विपश्यना केंद्रांच्या नियमांतही सुचविलेले आहे.

श्रेष्ठ कोणती?

या प्रश्नाचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. १९८ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात सात प्रकारचे संवादोपचार तपासले होते. उपचार न मिळता प्रतीक्षायादीत राहणाऱ्यांपेक्षा सातही प्रकारांचे रुग्ण अधिक सुधारले. त्या प्रकारांचा आपसांतील फरक मात्र अल्प होता. तीव्र आजारात संवादोपचाराला औषधाची जोड देणे हितावह असते आणि चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

परिणाम जवळजवळ सारखे असतील, तर निवडीचा निकष बदलतो. कोणती पद्धत गावातील साधी व्यक्ती शिकू शकेल आणि गावच्या बोलीत देऊ शकेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. याचे उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळाले. डॉ. विक्रम पटेल यांच्या ‘संगत’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत कृतीवर आधारित उपचाराची चाचणी घेतली. उपचार करणाऱ्यांपाशी मानसशास्त्राची पदवी नव्हती. त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले होते. एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून ते आपले काम तपासत. उपचार सहा ते आठ भेटींचा होता. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी हा उपचार मिळालेले ६४ टक्के तीन महिन्यांनी आजारमुक्त झाले. तो न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत याच धर्तीवर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम केले. तेथे नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

वावरच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. वारली किंवा कोकणा बोली जाणणारी, पाड्यावर राहणारी, आठवी-दहावी शिकलेली स्त्री हे काम शिकू शकते. भात-नागलीची कापणी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. सहा-आठ भेटींचा उपचार त्यापूर्वी पुरा होऊ शकतो. वर्षानुवर्षे चालणारा उपचार तेथे टिकणार नाही.

संवादाची मर्यादा

याच ठिकाणी सावध राहिले पाहिजे. पाकिस्तानातील रावळपिंडी भागात ९०३ गर्भवती स्त्रियांवर झालेली एक चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. गावच्या आरोग्य सेविकांनी संवादोपचार दिलेल्या मातांपैकी बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी २३ टक्के नैराश्यग्रस्त होत्या. इतर मातांत हे प्रमाण ५३ टक्के होते. बालकांना अतिसार कमी झाला, लसीकरण वाढले. परंतु बालकांच्या वजनात व उंचीत लक्षणीय फरक पडला नाही. आईचे मन सावरले. पण तेवढ्याने बाळाचे वजन वाढले नाही. ज्या गावात भुकेने मुले गेली, तेथे समुपदेशकाची नेमणूक करून रेशन, रोजगार हमी व आरोग्य केंद्र यांची जबाबदारी टाळता येणार नाही.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात दुःखाचे सामाजिक कारण ठळकपणे मांडले; त्याच ग्रंथात किसा गोतमीच्या सांत्वनाची कथाही घेतली. या दोहोंत विसंगती नाही. तथागतांनी त्या मातेला आरंभीच उपदेश केला नाही. तिला मोहरी आणावयास घरोघर पाठविले. तिला एक कृती दिली, त्या कृतीतून ती माणसांत गेली आणि अखेरीस तिची समज बदलली. ही कथा चाचणीचा पुरावा नव्हे. परंतु दुःखिताकडे कसे जावे, याचा आदर्श तीत निश्चित आहे.

आपल्या विहारांना यातून कार्य मिळते. आठवड्यातील एक वेळ ऐकण्यासाठी राखून ठेवावी. दोन-चार उपासिकांना प्रशिक्षित व्यक्तींकडून शिक्षण द्यावे. ऐकलेली गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये. आत्मघाताचा विचार बोलून दाखविणाऱ्यास एकटे न ठेवता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावा. आणि ज्या वस्तीत मन खचण्याचे कारण उपासमार हे असेल, तेथे ऐकून घेतल्यानंतर त्या माऊलीबरोबर तहसील कचेरीतही जावे.