मोटारीच्या चाकाचा गंज



कापसाची बंडी बाजाराला जुंपण्यापूर्वी आपला शेतकरी आखाला आठवणीने वंगण देतो. बंडीच्या चाकाचा तुंबा आखाभोवती फिरतो, म्हणून तिथे वंगण हवेच. मोटारीच्या चाकालाही मध्यभागी असाच तुंबा असतो. त्याला हब म्हणतात. मात्र येथे चाक हबवर फिरत नाही. नटांनी ते हबला आवळलेले असते, आणि दोन्ही मिळून फिरतात. म्हणून बंडीची सवय मोटारीला जशीच्या तशी लावून चालत नाही.

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज चढतो. पावसाळ्यात यवतमाळची काळी माती चाकाला चिकटते आणि ओल धरून ठेवते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि भुसभुशीत असतो. तो हब व चाक यांच्यामध्ये साचला, तर पंक्चरच्या वेळी नट निघतात, पण चाक जागचे हलत नाही. याहून मोठा धोका निराळाच. नट गंजाच्या थरावर आवळले गेले, तर गाडी चालताना थराचा चुरा होतो, नट ढिले पडतात आणि चाक निखळू शकते.

तेव्हा पावसाळा सरला की एकेक चाक काढून पाहावे. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, इतर चाकांना ठोकळे लावावेत. नट आधी थोडे सैल करावेत, मगच जॅक चढवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-पाय घालू नयेत, बरं का! हबचा दर्शनी भाग आणि चाकाची आतली बाजू तारेच्या ब्रशने व पॉलिश कागदाने घासावी. धूळ फुंकू नये, ती छातीला घातक. ओल्या फडक्याने पुसून जागा कोरडी करावी. हबच्या मधल्या उंच कड्याला उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. नटांच्या आट्यांना आणि ब्रेकला मात्र ग्रीस मुळीच लागू देऊ नये. नट समोरासमोरचे, आळीपाळीने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

गुरुजींनी वर्गात तीन खिळे ठेवावेत: एक कोरड्या, बूच लावलेल्या बाटलीत, दुसरा उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून, वर तेलाचा थर देऊन, तिसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवून. काही दिवसांत तिसराच ठळकपणे तांबडा होईल. गंजाला काय लागते, हे मुले स्वतःच सांगतील. आणि घरी गेल्यावर वडिलांना चाकाची आठवणही करून देतील.