माळव्यातील दाल-बाफल्यांची पंगत

माळव्यात पाहुण्यांना जेवावयास बोलावले, की पुष्कळदा दाल-बाफल्यांचाच बेत ठरतो. राजस्थानातील बाटी सामान्यतः कच्चीच निखाऱ्यांवर भाजतात. बाफला मात्र आधी उकळत्या पाण्यात शिजवून, निथळून, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. म्हणून तो वरून खरपूस, आतून मऊ होतो.

यजमानाची कसोटी या उकळण्यातच आहे. गोळे तरंगू लागण्यापूर्वीच काढले, तर वरून कितीही तांबूस दिसोत, गाभा कच्चा राहतो आणि पाहुण्यांच्या पोटास बाधतो. जाडसर कणकेला तुपाचे मोहन द्यावे. भाजलेले बाफले फोडून तुपात बुडवावेत. सोबत तुरीची आंबट-तिखट डाळ, हिरवी चटणी व चुरम्याचे लाडू असावेत. अन्न जड असल्याने पंगत दुपारीच मांडावी.