शासकीय सांख्यिकी

देशाची लोकसंख्या, शेती, उद्योग, रोजगार, किंमती, आरोग्य इ. बाबींसंबंधी शासनाच्या अधिकृत सांख्यिकीय यंत्रणेने पूर्वघोषित व्याख्या व पद्धती यांनुसार संकलित, संस्कारित व प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीस ‘शासकीय सांख्यिकी’ ही संज्ञा लावली जाते. सर्वांस पाहावयास मिळणारी आकडेवारी याहून पुष्कळच विस्तृत असते. खाजगी संस्थांच्या पाहण्या, व्यापारी संघटनांची पत्रके, तसेच शासनाच्याच निरनिराळ्या खात्यांनी दैनंदिन कारभारासाठी ठेवलेल्या नोंदी यांचा तीत समावेश होतो. आकडे शासकीय मुद्रणालयातून बाहेर पडले, एवढ्यावरून ते या अर्थाने शासकीय सांख्यिकी ठरत नाहीत. ते कोणत्या हेतूने, कोणत्या कायद्याखाली व कोणत्या पद्धतीने गोळा केले, हे महत्त्वाचे असते.

पहिला फरक अधिकाराचा आहे. जनगणना अधिनियम, १९४८ अन्वये प्रगणकाच्या प्रश्नांची उत्तरे देणे नागरिकावर बंधनकारक आहे. उलटपक्षी, त्याने दिलेली वैयक्तिक माहिती गुप्त ठेवणे प्रगणकावर बंधनकारक असून या अधिनियमाखालील खटल्यांखेरीज अन्य कोणत्याही दाव्यात ती पुरावा म्हणून सादर करता येत नाही. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ (याच्या पूर्वी १९५३ चा अधिनियम होता) यातही गुप्ततेची तरतूद आहे. खाजगी संस्थेस उत्तर मागण्याचा असा अधिकार नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये स्वीकारलेल्या व आमसभेने २०१४ मध्ये मान्यता दिलेल्या दहा मूलभूत तत्त्वांतही निःपक्षपातीपणा, पद्धतीची जाहीर वाच्यता आणि वैयक्तिक माहितीची गुप्तता यांना स्थान आहे.

भारतात १८७२ मध्ये पहिली, परंतु सर्वत्र एकाच वेळी न झालेली शिरगणती झाली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी समकालिक जनगणना होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. प्रशांतचंद्र महालनोबीस तिचे अध्यक्ष, तर धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये आणि केंद्रीय सांख्यिकी संघटना १९५१ मध्ये अस्तित्वात आली. पाहणीचे काम पाहणारे कार्यालय व ही संघटना यांचे २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात एकत्रीकरण झाले.

प्रशासकीय नोंद आणि सांख्यिकी यांतील अंतर शेतीच्या क्षेत्रात सर्वांत स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात पिकाखालील क्षेत्राची नोंद गाव नमुना बारामध्ये होते. ती पूर्वी तलाठी पीकपाहणी करून घेत असे. २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतःच ती भ्रमणध्वनीवरून करू लागला. पिकाची स्थिती दर्शविणारी पैसेवारी (पूर्वीची आणेवारी) हाही एक शासकीय आकडाच. परंतु ती पन्नास पैशांखाली आली की गावास टंचाईच्या सवलती मिळत असल्याने तिच्याभोवती गावकरी, महसूल यंत्रणा व राजकीय पुढारी या सर्वांचे हितसंबंध गुंतलेले असत. दुष्काळ ठरविण्यासाठी पर्जन्यमान, मृदेतील ओलावा, वनस्पतींची स्थिती यांसारखे निर्देशक २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पुढे आणले, त्यामागे हेही एक कारण मानावे लागते. ज्या आकड्यावर लाभ अवलंबून असतो, तो आकडा निव्वळ मापन राहत नाही.

याउलट पीक कापणी प्रयोगात यादृच्छिक रीतीने शेत व त्यातील तुकडा निवडून प्रत्यक्ष उत्पादन मोजतात. या पद्धतीचा पाया घालण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे व वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे. कापणीचा तुकडा केवढा असावा, यावरून १९४० नंतरच्या दशकात सुखात्मे व महालनोबीस यांच्यात मोठा वाद झाला. तुकडा फार लहान असल्यास सीमेवरील रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो व उत्पादनाचा अंदाज वाढतो, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. लाभाचा कोणताही हेतू नसतानाही मापनात दोष कसा शिरतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

गुन्हे व जन्म-मृत्यू यांबाबतही असाच विवेक करावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा अहवाल पोलिसांकडे नोंदविलेले गुन्हे दाखवितो. एका प्रथम खबरीत अनेक गुन्हे असल्यास त्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. त्यामुळे तक्रार घेण्यात तत्पर असलेले राज्य कागदोपत्री अधिक गुन्हेगार दिसू शकते. जन्म व मृत्यू यांची नोंदणी १९६९ च्या अधिनियमाने सक्तीची झाली. तथापि ती अपुरी असल्याने जन्मदर व अर्भकमृत्युदर दीर्घकाळ नमुना नोंदणी पद्धतीवरून काढले गेले.

खाजगी पाहण्यांचे महत्त्व रोजगाराच्या आकड्यांवरून ध्यानात येते. मुंबई येथील ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ ही १९७६ मध्ये स्थापन झालेली संस्था २०१४ पासून कुटुंबांची सातत्याने पाहणी करीत आली आहे. करोना साथीच्या टाळेबंदीत एप्रिल २०२० मध्ये बेकारीचे प्रमाण सु. २३.५ टक्के असल्याचे तिने लगेच जाहीर केले. शासनाच्या आवर्ती श्रमबल पाहणीचा एप्रिल–जून २०२० या तिमाहीचा शहरी भागापुरता आकडा, सु. २१ टक्के, बऱ्याच महिन्यांनंतर प्रसिद्ध झाला. तत्परतेत खाजगी संस्था सरस ठरली, हे उघड आहे. मात्र दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. शासकीय पाहणीच्या साप्ताहिक निकषात सात दिवसांत एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरतात आणि घरच्या शेतीत वा दुकानात मोबदल्याविना राबणारी स्त्रीही रोजगारात मोजली जाते. खाजगी पाहणीच्या व्याख्या व संदर्भकाल वेगळे आहेत. शिवाय तिच्या नमुन्यात गरीब कुटुंबांना पुरेसे प्रतिनिधित्व नाही, अशी टीका ज्याँ द्रेझ व अन्य अभ्यासकांनी २०२१ मध्ये केली. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदसंख्येचे आकडे २०१८ पासून दरमहा प्रसिद्ध होऊ लागले. पण जुनी नोकरी निधीच्या कक्षेत आली, तरी तीत सभासद वाढतो. त्यावरून नवा रोजगार किती निर्माण झाला, हे सांगता येत नाही.

शासकीय सांख्यिकीची विश्वासार्हता केवळ पद्धतीवर नव्हे, तर वेळेवर प्रसिद्ध होण्यावरही टिकून असते. श्रमबल पाहणीचा २०१७-१८ चा अहवाल रोखून धरल्याच्या कारणावरून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. बेकारीचे प्रमाण ६.१ टक्के दर्शविणारा तो अहवाल लोकसभा निवडणुकीनंतर, ३१ मे २०१९ रोजी जाहीर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आधारसामग्रीच्या गुणवत्तेचे कारण देऊन २०१७-१८ च्या उपभोग-खर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय मंत्रालयाने घेतला. परिणामी २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ च्या पाहणीपर्यंत कुटुंबांच्या उपभोग-खर्चाचे अधिकृत आकडे लोकांसमोर आले नाहीत आणि दारिद्र्यासंबंधीचे अंदाज अप्रत्यक्ष साधनांवरून बांधले गेले.

अशी पोकळी इतर आधारसामग्रीने पूर्णतः भरून निघत नाही, कारण खाजगी पाहण्यांचे नमुनेही शेवटी जनगणनेच्या गावांच्या व प्रभागांच्या यादीवरूनच निवडावे लागतात. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने शासकीय व खाजगी पाहण्या २०११ च्याच चौकटीवर विसंबून राहिल्या. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ खालील ८१.३५ कोटी लाभार्थ्यांची मर्यादाही २०११ च्या लोकसंख्येवरून ठरली होती. नंतर वाढलेल्या लोकसंख्येतील गरजूंना त्या संख्येत जागा नव्हती. जून २०२५ मधील अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ (हिमाच्छादित प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६) हा संदर्भदिनांक निश्चित करण्यात आला.